बाबांचा मुक्काम अमरावतीला

प्रिय आई,

बाबांनी सांगितलं म्हणून हे पत्र लिहायला बसले. काल रविवारी त्यांना भेटायला गेले, तर मला पलंगावर शेजारी बसवून म्हणाले, "सुमे, तुह्या मायले चार ओळी लिही. म्हणा, आमची काळजी करू नको. माहेरी गेलीच हायेस तर राहा आरामानं."

तू बार्शीटाकळीला मामाकडे गेली आहेस, असं आम्ही त्यांना सांगितलंय. सहा महिने झाले तुला जाऊन, आणि हे खोटं मी दर भेटीत बोलते. रागावलीस का गं?

पहिल्यांदा खरंच सांगितलं होतं. तुझ्या तेरवीच्या दिवशी, मूर्तिजापूरच्या आपल्या अंगणात पंगत बसली होती. बाबा विनोदला म्हणाले, "एवढे लोक काहून आले? तुह्या मायले चहा मांडाले सांग." विनोदनं त्यांचा हात धरला. "बाबा, आई गेली ना." आणि बाबा असे रडले, की पंगतीतल्या लोकांचे हात थांबले. संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच रडणं. तिसऱ्या वेळी विनोदची जीभच उचलेना. तो म्हणाला, "बार्शीटाकळीले गेली, मामाकडे." बाबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग सांगून जा लागत होतं ना," एवढंच म्हणाले.

आम्हा दोघा भाऊबहिणींना एकच प्रश्न पडला. हे कधीपासून होतं?

दोन वर्षांपासून! शेजारच्या नसीमआपांनी सांगितलं. तीस वर्षं तुझे ब्लाउज शिवणाऱ्या नसीमआपांना माहीत, आणि पोटच्या पोरांना नाही. "बेटा, तुह्या अम्मीनं मले कसम घातली होती," त्या म्हणाल्या. "पोरं आपल्या कामात हायेत, त्यायले सांगू नका म्हणे."

मी फोन केला की नेहमी तूच उचलायचीस. बाबा अंघोळीला गेलेत, बाबा झोपलेत, बाबा देवळात गेलेत. मला एकदाही शंका आली नाही. कॉलेजच्या ऑफिसात परीक्षांचे अर्ज सुरू असले की मीच घाईत फोन ठेवायचे. ही चूक माझी. पण तू काहून लपवलंस, आई? आमच्यावर एवढाही भरवसा नव्हता?

आपांकडूनच, पण फार उशिरा कळलं, की सकाळी उठून बाबा ड्यूटीवर निघायचे. एसटीच्या ड्रायव्हरकीतून रिटायर होऊन चौदा वर्षं झालेली, तरी खाकी शर्ट शोधायचे. तू म्हणायचीस, "आज तुमची रेस्ट हाये. कंट्रोलरचा निरोप आला." मग ते शांत बसून चहा प्यायचे. मला हे ठाऊक असतं, तर "बाबा, तुम्ही रिटायर झालात" असं मी दहा वेळा ओरडून सांगितलं नसतं. त्यांनी एकदा माझ्या अंगावर पेला भिरकावला. चूक कोणाची होती, सांग बरं?

आधी मी त्यांना माझ्याकडे अमरावतीला आणलं. तिसरा मजला, पोरगी शिकायला बाहेरगावी, दिवसभर मी ऑफिसात, बाबांसाठी एक बाई ठेवलेली. एका दुपारी ती कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात बाबा खाली उतरले आणि ऑटोत बसून थेट बसस्टँडवर गेले. मी पोचले तेव्हा ते एका गाडीभोवती फिरून टायर तपासत होते. त्या गाडीचा ड्रायव्हर त्यांच्या मागेमागे मान हलवत चालला होता. मला म्हणाला, "ताई, यायची नजर बरोबर हाये. मागच्या चाकात हवा खरंच कमी होती."

मला इतकं बरं वाटलं आणि इतकी भीती वाटली, दोन्ही एकदम.

त्याच संध्याकाळी विनोद अकोल्याहून आला. "ताई, बाबाले आता कुठीतरी ठेवा लागीन. जिथं दिवसरात्र माणूस राहते, अशा जागी." मी त्याला नाही नाही ते बोलले. चार दिवस त्याचा फोन घेतला नाही. कारण गेल्या दिवाळीत करंज्या करताना तू माझ्याकडून शब्द घेतला होतास, "यायले कुठी टाकू नका." मी हसत हसत हो म्हटलं होतं. तुला सगळं ठाऊक होतं, मला काहीच नव्हतं. असा शब्द घेतात का गं?

नसीमआपा म्हणाल्या, माह्याजवळ राहू द्या. पण त्यांचेच गुडघे गेलेत. त्यांनी बाबांना कसं सांभाळावं?

शेवटी मीच विनोदला फोन केला. तीन ठिकाणं पाहिली. पहिल्या ठिकाणी वास सहन होईना, दुसऱ्या ठिकाणी सगळी दारं बाहेरून बंद. तिसरं माझ्या घरापासून ऑटोनं वीस मिनिटांवर. तिथली व्यवस्था बघणाऱ्या मंगलाताईंनी आजाराचं नंतर विचारलं. आधी विचारलं, "बाबा काय काम करत होते?" आणि त्यांना रस्त्याकडच्या खिडकीजवळचा पलंग दिला, गाड्या दिसाव्यात म्हणून.

पहिल्या दिवशी बॅग हातात घेऊन मी दारातच उभी राहिले. बाबांनी लोखंडी पलंगांची रांग पाहिली, भिंतीतली कपाटं पाहिली, चहाची किटली पाहिली. म्हणाले, "बराय. आज मुक्काम इथंच हाये का?"

आई, ती त्यांना डेपोची रेस्टरूम वाटली! मुक्कामी गाडी घेऊन गेले की ते अशाच खोल्यांत झोपायचे ना? मी म्हटलं, "हो बाबा, मुक्काम." "मंग तू जा घरी. अंधार पडल्यावर एकटी फिरू नको." बाहेर ऑटोत बसून मी हसले आणि रडलेही.

सगळं छान आहे, असं खोटं तुला तरी सांगणार नाही. अंघोळीला ते अजून भांडतात. वजन उतरलंय. तुला दिलेला शब्द मी मोडला, आणि तो सल राहीलच. पण ते घाबरलेले नसतात, आई. संध्याकाळी खिडकीशी बसून जाणाऱ्या गाड्या ओळखत असतात.

बुधवारी त्यांना ताप आला. मंगलाताईंचा फोन आला आणि मी एकटीच निघाले. विनोदला कशाला त्रास, त्याची शिफ्ट आहे, असं मनाशी म्हणतही होते. जिन्यातच थांबले. हे तर तुझंच बोलणं होतं! तिथूनच त्याला फोन लावला. "इन्या, मले एकटीले होऊन नाही राहिलं. ये." दोन तासांत आला. एका बाजूला तो, एका बाजूला मी, आणि मध्ये बाबा घाम येऊन गाढ झोपलेले.

म्हणून आता तुला नवा शब्द देते, आणि हा मोडणार नाही. बाबांचं काहीही एकटीनं उरावर घेणार नाही. आणि उद्या मीच काही विसरायला लागले, तर माझ्या पोरीला पहिल्याच दिवशी सांगेन. शेजारणीच्या आधी तिला.

तुझीच,
सुमी