सतरा नंबरचा सुरू

१२ ऑक्टोबर १९३१
आलो एकदाचे! जयगडपर्यंत बोट, होडीने खाडीपार, पुढे बैलगाडी. मथुरेचे दिवस भरत आलेले, तरी तिने हूं की चूं केले नाही. वेळणेश्वरजवळच्या शेठजींच्या या वाडीत घर टुमदार मिळाले. काम माझ्या आवडीचे, मोजण्याचे. परमुलखातून आणलेल्या सुरूची रोपे वाळूत लावली आहेत. जात एकच, पण बी तीन देशांचे. इथल्या खाऱ्या वाऱ्यात कोणते किती वाढते, ते दर पंधरवड्याला टेपने मोजून लिहायचे. सतरा नंबरचे रोप मात्र नऊ इंचांवर अडून बसले आहे. माळी धाकू म्हणतो, उपटून टाका. बरा टाकीन!

२६ ऑक्टोबर
मुलगा झाला! वीस इंच, आवाज खणखणीत. सुईण गंगुबाई बाळाची वार माडाच्या मुळाशी पुरायला निघाली होती. इकडे तशी रीत आहे, पोर माडासारखे वाढते म्हणे. मी म्हटले, माडाला काय कमी आहे? सतराच्या मुळाशी पुरा, तेवढेच खत. ती पुष्कळ कुरकुरली. मी कसला ऐकतो! शेवटी खड्डा मीच खणला.

८ नोव्हेंबर
सतरा नंबर एकतीस इंच! तेरा दिवसांत बावीस इंच? धाकूने दुसरे रोप आणून लावले असणार, गडी इरसाल आहे. विचारले तर देवाच्या शपथा घेतो. आज रोप खुंटीला सुतळीने बांधले आणि गाठीवर लाखेचा शिक्का मारला. आता बघतो कसा बदलतो ते. बारशाची अंगडी बाळाला ढगळ होतात. मथुरेचे माप चुकले असेल.

१७ नोव्हेंबर
शिक्का शाबूत. रोप पाच फूट. म्हणजे धाकू खोटा नाही. मग टेप दमट हवेने आटला की काय? सहज बाळाला लावून पाहिला. अठरा इंच. पुन्हा लावला. अठराच. टेप आटला असता तर आकडा वाढला असता. मथुरेला सांगितलेले नाही.

२५ नोव्हेंबर
बाळ सोळा. रडतसुद्धा नाही. रत्नागिरीहून डॉक्टर येऊन गेले, आईचे दूध वाढवा म्हणाले. अहो, दूध भरपूर आहे! पितो हा, आणि वाढते ते झाड. गंगुबाई उंबरठ्याबाहेरूनच म्हणाली, पुरलेले काढा. खणले. मुळांनी काहीच शिल्लक ठेवलेले नाही. माझेच पोर, आणि माझ्याच हाताने —

२८ नोव्हेंबर
सतरा तोडला, मुळासकट जाळला. संध्याकाळी बाळ रडले! घटाघट प्यायले. मथुरा हसली आणि मी तिच्यापुढे ढसाढसा रडलो.

२९ नोव्हेंबर
एकवीस इंच. देव पावला.

३० नोव्हेंबर
सकाळी एकतीस. दुपारी चाळीस. पाळण्यात मावत नाही — भूक थांबत नाही — मथुरा पांढरीफटक पडली आहे. धाकूने खिडकीतून पाहिले आणि गेला. परत आला नाही.

१ डिसेंबर
पाच फूट. तोंड मात्र तान्ह्याचेच. मथुरेला ओढून बाहेर आणले, कडी बाहेरून घातली.

दुपार. पडवीत बसलो आहे. आतून थापा — माझ्या डोक्याच्याही वर — रडणे मात्र तेच, सव्वा महिन्याचे — मथुरा म्हणते, भुकेला आहे हो तो — नको म्हणतो ना — उठली — पदर सावरला — कडीला हात —