दाजींच्या हॉस्टेलचा मागचा जिना

गुरुवार, अवसरी खुर्दहून परतल्यावर

डोकं अजून तापलेलंच आहे. आग लागायच्या आधी इमारतींची माहिती काढून ठेवायची, म्हणजे ऐनवेळी आम्ही फायरवाले धुरात चाचपडत बसणार नाही. एवढंच तर काम. आज ताईचा नवरा, म्हणजे दाजी, चालवतात त्या मुलींच्या हॉस्टेलची पाळी होती. मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप, पायऱ्यांवर जुन्या गाद्यांची थप्पी.

"दाजी, किल्ली द्या."

"पावणं, आधी चहा घ्या. तिकडनं पोरी बाहेर जात्यात, म्हणून लावलंय."

कुलूप गंजलेलं. किल्ली त्यांनाही सापडेना. मी म्हटलं, आमच्या फायरच्या नकाशात हा जिना बंद दाखवतो.

"घरचा माणूस असून उघडा दाखवता येत न्हाई व्हय?"

उघडा दाखवू? आणि त्या भरवशावर आमची माणसं आत शिरली तर?

मग मी खोल्याखोल्यांतून फिरलो. मुलींना सांगितलं, मागून बाहेर पडता येणार नाही, घरी कळवा. तळेघरच्या एका मुलीनं तिथंच वडिलांना फोन लावला. मग बाकीच्यांनीही लावले, आणि पालकांच्या फोनांनी दाजींचा फोन वाजायचा थांबेना. शेवटी मला शिव्या घालत त्यांनी ते कुलूप तोडलं, गाद्या हलवल्या.

मी घरी पोचतोय तोच ताईचा फोन. "गावात आमची अब्रू घालवलीस. भाऊबीजेला येऊ नको."

मी चुकलो का? नाही. दाजींचं तोंड पाहायची मला हौस नाहीच. पण एवढं बोलली ताई, मुलींचं नावसुद्धा काढलं नाही तिनं.