ताई, तुझी गोष्ट मी सांगून टाकली

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? तेल लावतेस, की लाव म्हणणाऱ्यावरच खेकसतेस? सूनबाईला म्हणावं सासूचं बोलणं मनावर घेऊ नकोस, आम्ही लहानपणापासून घेत नाही. मी बरी आहे. झालं विचारून, आता मुद्द्याचं.

आमच्या संस्थेत सगळं बदलायला लागलंय. मोठ्या बाई, म्हणजे ज्यांनी संस्था काढली त्या, थकल्या आणि घरी बसल्या. जाता जाता मला शिवणखोलीची प्रमुख करून गेल्या (माझं तोंड बंद करायचा दुसरा उपाय त्यांना सुचला नसेल). त्यांच्या जागी नवीन मॅडम आल्यात. बाई गोड आहे, पण एखादी वस्तू जागच्या जागी दिसली की तिला चैन पडत नाही. कपाट खिडकीत गेलं, खिडकीतलं टेबल दाराशी आलं, आणि मग नजर फिरली आमच्या खोलीकडे. म्हणाल्या, देणगी देणारे पाहुणे येणार आहेत, त्यांना तुमचं काम पटलं तर खोली राहील, नाही तर इथे मीटिंगची खोली करू. अगं, एकट्या पडलेल्या बायका तिथे येऊन शिवण शिकतात, चार घास स्वतःचे खातात. त्यांनी काय मीटिंगमध्ये जाऊन बसायचं?

तर पाहुण्यांना पटवायचं मी, आणि मला तयार करायला आणला एक मास्तर. नेतृत्व आणि गोष्ट सांगणं, दोन्ही एकदमच शिकवतो. आधी खुर्च्या गोल मांडायला लावल्या (डुलकी काढायला पुढे कोणाची तरी पाठ लागते, ती सोयच गेली). म्हणाला, नेता म्हणजे हुकूम सोडणारा नव्हे, ऐकणारा. मी म्हटलं, मी ऐकत बसले तर काजं कोण करणार? तर म्हणे, "छान प्रश्न." उत्तर नाहीच. मी काहीही विचारलं की छान प्रश्न! मग जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला ऑफिसातला कारकून आला. त्याने मनातली अडचण सांगायची आणि मी मधे न बोलता ऐकायची. तो "माझी बायको" एवढंच म्हणाला आणि मी म्हटलं, चूक तुमचीच असणार. मास्तराने आमची जोडी फोडली.

गोष्टीचं मात्र मला पटलं. म्हणाला, संस्थेचं कौतुक करत बसू नका, एका माणसाची गोष्ट सांगा. त्याला अडचण हवी, मग वळण हवं. आणि ज्याची गोष्ट, त्याची परवानगी हवी. म्हणून खोलीत जाऊन विचारलं, बायांनो, कोणाची सांगू? सगळ्या मशिनी एकदम थांबल्या. एक म्हणाली, "माझी सांगून बघ, मग तुझी मी सांगते." दुसरी म्हणाली, माझ्या दुःखाचा लोकांसमोर तमाशा नको. बरोबरच बोलली, पण मी रिकाम्या हाताने उभी राहू का?

पाहुणे आले. मी उभी राहिले. मागून मास्तर श्वास घ्या, श्वास घ्या अशा खुणा करतोय. आणि ताई, तोंडात तूच आलीस. म्हटलं, मला एक थोरली बहीण आहे. हे खरं. तिला शिवण येत नव्हतं. हेही खरं, एका फ्रॉकला तू दोन्ही बाह्या एकाच बाजूला लावल्या होत्यास. तेवढ्यात समोरच्या पाहुण्या बाईने पेन खाली ठेवलं आणि ऐकायलाच लागली. तू जन्मात कधी माझं शेवटपर्यंत ऐकलंयस? मग काय, मी सुटलेच. तुला घराबाहेर काढलं, उपाशी आमच्या दारात आणलं, मशीनवर बसवलं, आणि आता तू बाकीच्या बायकांना शिकवतेस असं सांगून मोकळी झाले. पाहुणी रडली, मॅडम रडल्या. मलाही रडू आवरेना, इतकी तू बिचारी झाली होतीस.

खोली वाचली असं समजून मी बसले, तर पाहुणी म्हणते, त्या बहिणीला भेटल्याशिवाय आम्ही ठरवणार नाही. येत्या गुरुवारी परत येतायत. तर परवानगीचं तेवढं राहिलंय. हे पत्र म्हणजे तीच मागितली असं समज. आणि दे.

तुझी लाडकी (मीच म्हणते, दुसरं कोण म्हणणार),
धाकटी

ता. क. गुरुवारी सकाळीच ये. जुने कपडे घाल, दागिने नकोत, आणि चेहऱ्यावर तो जो मालकिणीचा भाव असतो तो घरी ठेव. मशीनवर नुसती बस, पायडल दाबू नकोस. कोणी शिवून दाखवा म्हटलं तर डोळे पूस.

ता. क. दुसरं. भाऊजींना फाटकाच्या आत आणू नकोस. गोष्टीला वळण हवं होतं, म्हणून ते वारलेत. वाईट वाटून घेऊ नका म्हणावं. सगळे पाहुणे त्यांच्यासाठी उठून उभे राहिले. इतका मान त्यांना तुझ्या घरात कधी मिळालाय का, तूच सांग.