जुळत नसलेला नमुना

दि. १४ नोव्हेंबर

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. मी बरी आहे, आईचे गुडघे कुरकुरतात, मोरीतला नळ अजून गळतो. तू भांडलास बाबांशी. आमच्याशी कशाला अबोला धरलास?

माझं काम तेच. "आमची ताई किड्यांच्या कातडीची कुळं काढते," असं तू चारचौघांत सांगायचास. खरंच आहे ते. सध्या धान्यातला भुंगेरा घेतलाय. त्याचं कवच कुठल्या प्रथिनांनी बनलंय, ते प्रथिनांची रचना दाखवणाऱ्या अक्षरांच्या माळांवरून हुडकायचं. ओळखीच्या प्रथिनाची माळ नमुना म्हणून शेजारी ठेवायची. ठरावीक तुकडा जुळला की त्या कुळात घालायचं, नाही जुळला की बाहेर.

गेल्या आठवड्यात तोंडघशी पडले. एक अख्खा गट मी बाहेर काढला, कारण त्यातलं काहीच नमुन्याशी जुळेना. सर म्हणाले, "अगं, ती आपापसांत झकास जुळतायत. तुझा नमुना तपास की आधी." तपासला. कुणीतरी पूर्वी भलत्याच कुळातलं प्रथिन नमुना म्हणून ठेवून दिलं होतं. बिचाऱ्या भुंगेऱ्याचं काही चुकलं नव्हतं. त्या दिवशी मला घास गिळवेना. एवढ्याशा चुकीपायी कुणी उपाशी राहत नाही, हे तुलाही कळत असेल.

तर आता मूळ गोष्ट. बाबा घरातून निघून गेले ते तुला कळवलं होतं. पुढचं कळवलं नाही. महिन्याभरापूर्वी कालव्यात एक देह सापडला. चेहरा उरला नव्हता. अंगात निळा स्वेटर, कोपराला तपकिरी लोकरीचा रफू. आई म्हणाली, "असे स्वेटर ढिगानं असतात."

पोलिसांनी बाबांच्या वापरातली एखादी वस्तू मागितली, पण आईनं सगळं धुऊन-पुसून ठेवलेलं. मग माझं रक्त घेतलं. अहवाल आला: बाप-लेकीचं नातं जुळत नाही.

आई लगेच म्हणाली, "म्हणजे ते नव्हेत. सुटलो. आता पुन्हा तपासण्या नकोत."

मी म्हटलं, "धाकट्याचं रक्त देऊन बघू?"

"त्याला यात ओढू नकोस," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

शेजारच्या काकूंनी तर माझं अभिनंदन केलं. पण ठोंब्या, तो देह बाबांचा नाही असं अहवालात कुठंही लिहिलेलं नाही. आम्ही दोघं जुळत नाही, एवढंच लिहिलंय.

तू म्हणजे बाबांचा छापा. तेच नाक, तोच नाकावरचा राग. मला मात्र सगळे चिडवायचे, ही कुणावर गेली गं? बाबा म्हणायचे, "माझ्यावर. हट्टी आहे ना!"

आईला मी काही विचारणार नाही. तिचं वय झालंय, आणि मला तिचं उत्तर ऐकायची भीती वाटते. तुझं रक्त जुळलं तर बाबा सापडतील आणि त्याच क्षणी माझे राहणार नाहीत. रडू येतं रे. तरी ये.

कारण तो रफू मी केला होता. शाळेत होते, निळी लोकर संपली होती. एवढा ओबडधोबड झाला की आईनं उसवायला घेतला. बाबांनी हात लावू दिला नाही आणि दुसरा स्वेटरही कधी घेतला नाही.

महिनाअखेरीस शवागारातून त्या देहाची बेवारस म्हणून विल्हेवाट लावतील. मी रोज जाऊन सांगते की हे माझे वडील आहेत. तिथला कारकून भला माणूस आहे, पण तोच अहवाल पुढं सरकवतो.

देह ताब्यात घेताना सही तुझी लागेल. माझी चालणार नाही.

तुझी, आणि त्यांचीच,
ताई