पडदा खोलीच्या मधोमध लावावा

मी, दिपमाला काशिनाथ बडगुजर, वय शेहेचाळीस, अविवाहित, जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक, राहणार जळगाव, आज पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. ते कोणाच्याही दबावाखाली लिहिलेले नाही. बऱ्याच लोकांच्या दबावाविरुद्ध मात्र लिहिले आहे, आणि हे नमूद करणे मला गरजेचे वाटते.

लिहिण्याचे कारण साधे आहे. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही आणि येत्या आठवड्यात नाशिकला तिची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात काळजी करू नका. मी काळजी करत नाही, फक्त व्यवस्था करते. आई-वडील आता नाहीत, त्यामुळे मी काही न लिहिता गेले तर कायद्याने माझे घर थोरले बंधू लीलाधर यांच्याकडे जाईल, पुढच्या खोलीला शटर लागेल आणि तिथे मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवते तो रविवारचा सिनेमा बंद होईल. तो बंद होऊ नये एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

उद्या कोणी म्हणेल की बाईला सिनेमाचे वेड होते, तिचे लिहिलेले ग्राह्य धरू नका. सिनेमाचे वेड हे कायद्यातले वेड नव्हे. मी वकिलांना विचारून खात्री केली आहे. डॉक्टरांचा दाखलाही सोबत जोडला आहे.

कलम १. घर. खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर गच्ची असलेले हे घर मी नोकरीतल्या कर्जातून घेतले. ते स्वकष्टार्जित आहे, वडिलोपार्जित नाही. माझ्या पश्चात ते माझी भाची पुनम लीलाधर बडगुजर हिच्या मालकीचे होईल. अट एकच. रस्त्याकडची पुढची खोली शेजारच्या हमीदा फारुख शेख यांना तहहयात वापरायला मिळावी, आणि दर रविवारी दुपारी तिथे सिनेमा दाखवला जावा. खोलीत गाळा, गोदाम किंवा शिकवणी वर्ग काढू नये.

पुनमलाच का, याचा खुलासा करते. या दिवाळीत जो मोठा चित्रपट आला, ज्याच्या पहिल्या खेळाला आमच्या चौकातल्या पोरांनी फटाके लावले आणि पोस्टरवर दूध ओतले, तो तिला मनापासून आवडला आणि तिने मला ते तोंडावर सांगितले. "आत्या, तुला नाही कळला. तू कागद तपासतेस तसा सिनेमा बघतेस." मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. नंतर विचार केला की माझ्या खोलीत माझे मत खोडणारे माणूस असावे, नाहीतर त्या खोलीला अर्थ काय? म्हणून घर तिला.

कलम २. त्या चित्रपटाविषयीचे माझे मत. हे मिळकतीत मोडत नाही हे मला माहीत आहे. पण भांडण याच्यावरूनच सुरू झाले, तेव्हा ते इथे असले पाहिजे.

गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर मी लिहिले होते की तीन तासांत नायक किती माणसे आडवी करतो ते मोजता येत नाही, पण त्याच्या बहिणीला एकही वाक्य नाही. ती फक्त मरते. तिच्या मरण्याने भावाला राग येतो, त्या रागावर उरलेला सिनेमा चालतो. मी लिहिले, "यात एकही क्षण खरा नाही." त्यावर मला जे ऐकून घ्यावे लागले ते मृत्युपत्रात लिहिण्याजोगे नाही. कोणी म्हणाले, बाईंना लग्न नाही म्हणून राग. कोणी म्हणाले, ही रविवारी बायकांना जमवून हेच शिकवते.

बेबाबाई सोनवणे, आमच्या खोलीतल्या सगळ्यात ज्येष्ठ प्रेक्षक, यांनी त्याच चित्रपटाचा अर्धा भाग पाहून नायकाच्या जेवणाबद्दल एवढेच विचारले होते, "इतला मारस, मंग जेवस कव्हय?" त्यांना कोणी काही बोलले नाही. बेबाबाईंना बोलण्याची चौकात कोणाची छाती नाही.

मला मात्र शंका आली. माझा निकाल घाईचा तर नाही? जळगावात पुन्हा तिकीट काढले असते तर चौकभर झाले असते, म्हणून पुनमला घेऊन धुळ्याला गेले आणि तिथल्या थिएटरात तोच चित्रपट शिट्ट्यांच्या गजरात पुन्हा पाहिला. त्यामुळे मतात एक दुरुस्ती करते. एक क्षण खरा आहे. बहीण गेल्यावर आई घराला कुलूप लावते, आणि किल्ली कोणाकडे द्यायची ते तिला आठवत नाही. तिचा हात तसाच पुढे राहतो. तेवढ्यापुरते माझे "एकही नाही" हे शब्द चूक होते, ते "एक आहे" असे वाचावेत असे मी जाहीर करते. बाकी मत कायम आहे. ते मी जिवंतपणी मागे घेतले नाही आणि माझ्यानंतर माझ्या वतीने कोणीही मागे घेऊ नये.

कलम ३. प्रोजेक्टर, स्पीकर आणि पडदा. प्रोजेक्टर व स्पीकर हमीदाला. पडदा तिचाच आहे, तो मी देऊ शकत नाही. तिने दोन पातळ पांढऱ्या चादरी जोडून तो शिवला. मी दुकानातून जाड कापड आणले होते. तिने ते बोटांत धरून पाहिले आणि परत दिले. "ये मोटा है दीपा. पीछे बैठनेवालीला काय दिसणार, अंधेरा?"

पडदा भिंतीला लावू नये. खोलीच्या मधोमध दोरीवर लावावा आणि दोन्ही बाजूंना माणसे बसवावीत. मध्यांतरात समोरच्यांनी मागे जावे, मागच्यांनी समोर यावे. हा नियम पाळला जाईल तोवरच कलम १ मधला हमीदाचा हक्क आणि पुनमची मालकी, दोन्ही माझ्या मनासारखे झाले असे समजेन. वकील म्हणाले, अशा अटीला कोर्टात फारसे वजन नाही. नसो. पुनमला समजावे म्हणून कारण लिहिते.

आमचे गाव चोपड्याजवळ. गणपतीत मंडळ चौकात सिनेमा आणी. यंत्र पाराजवळ, पडदा चौकाच्या मधोमध. यंत्राच्या बाजूला पुरुष बसत, पडद्याच्या मागे मंदिराच्या ओट्यावर बायका आणि मुली. म्हणजे गावातल्या सगळ्या बायकांनी सगळे सिनेमे उलट्या बाजूने पाहिले. कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. पडद्यावरची अक्षरे उलटी दिसत, तेव्हा मला वाटे, मुंबईला अशीच लिहीत असतील.

मी डावखुरी. त्या काळी माझी आई शेवंताबाई जेवताना माझा डावा हात फडक्याने बांधून ठेवी. शाळेत गुरुजी बोटांवर पट्टी मारत. त्या वर्षी गणपतीत एक कृष्णधवल चित्रपट आला. त्यात गिरणीतल्या एका कारकुनाला मालक खोटी साक्ष लिहून द्यायला सांगतो. कारकून बराच वेळ कागदाकडे बघत राहतो, मग तो कागद बाजूला सारतो आणि दुसऱ्या कोऱ्या कागदावर राजीनामा लिहून सही करतो. आम्ही ओट्यावर बसलो होतो. त्याने दौत उचलली, टाक बुडवला, सही केली, सगळे डाव्या हाताने. आईने माझा दंड धरला. "देख, हाऊ बी डावरा शे."

दुसऱ्या दिवसापासून फडके बंद झाले. माझ्या आयुष्यात एवढ्या सहज दुसरा कुठलाही निर्णय झालेला नाही.

लीलाधरभाऊ वडिलांबरोबर समोर बसले होते. घरी येऊन ते म्हणाले की सही उजव्या हाताने केली. मी त्यांच्या अंगावर धावून गेले. आईने सगळ्या बायकांच्या वतीने निकाल दिला, "आम्ही बठ्ठ्या बायास्नी देखं. तू एकला खरा का?" विषय मिटला. पुढे शाळेत, कॉलेजात, कार्यालयात माझ्या हाताकडे बघून कोणी हसले की मला तो कारकून आठवे. साहेबांनी एकदा एका चुकीच्या टिपणीवर सही करायला सांगितली, तेव्हाही तोच आठवला. मी सही केली नाही.

या वर्षी श्रावणात तो चित्रपट स्वच्छ करून पुन्हा उपलब्ध झाला. खोलीतल्या सगळ्यांना डावखुऱ्या कारकुनाची गोष्ट आधी सांगून तो रविवारी लावला. मी समोर बसले होते. तो प्रसंग आला आणि कारकुनाने उजव्या हाताने सही केली.

मी सिनेमा थांबवला. पडद्याच्या मागून बेबाबाई ओरडल्या, "काय व्हयनं? लाव ना! डावराच शे ना तो!" मी उठून मागे गेले. तिथून तो डावखुराच होता. पुन्हा समोर आले, उजवा. अशा माझ्या बऱ्याच फेऱ्या झाल्या तेव्हा हमीदा म्हणाली, "बस कर दीपा, तू पागल दिसते. दोन्ही बाजूला माणूस एकच आहे. त्याने सही तर तीच केली ना?"

तोवर आम्ही पडदा भिंतीला लावत नसू, पण अमुकच बाजूला बसायचे असेही नव्हते. अदलाबदलीचा नियम त्या दिवशी ठरला.

कलम ४. बंधू लीलाधर. त्याच संध्याकाळी मी त्यांना फोन केला. "भाऊ, तुझं बरोबर होतं. तो उजवा होता."

ते आधी हसले. मग म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही मायलेकींनी मला खोटं पाडलं." हे खरे आहे आणि त्याबद्दल मला वाईट वाटते.

पण दिवाळीनंतर गटावरचे भांडण पेटले तेव्हा ते घरी आले, चहा न घेता खुर्चीच्या काठावर बसले आणि म्हणाले, "दीपा, दोन ओळी टाक. माझी चूक झाली म्हण. पोरं गप बसतील. आणि ही खोली मोकळी कर, रस्त्यावरची जागा आहे, गाळा निघेल. आता तुझं ऑपरेशन. कोण चालवणार हे?"

मी म्हटले, "भाऊ, तो सिनेमा मला आवडला नाही."

"एक सिनेमा तर आहे! आवडला म्हणायला काय जातं? आणि त्या हाताचं बघ. जन्मभर भांडलीस, शेवटी मीच खरा निघालो ना? मग हेही माझंच ऐक."

यावर मी पुष्कळ विचार केला. मी एकदा इतकी ठाम चुकले, तर आताही चुकत नसेन कशावरून? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे. हाताबाबत मी चुकले, कारण मला एकाच बाजूला बसवले होते. नव्या चित्रपटाबाबत मी दोनदा पाहून बोलते आहे. आणि कारकून डावखुरा नव्हता म्हणून माझा हात उजवा होत नाही. धीर मी उलट्या चित्रावरून घेतला, पण तो मी खरोखरच्या माणसांसमोर वापरला. तो परत करण्याची सोय नाही.

तेव्हा लीलाधरभाऊंना: हातापुरते तुम्ही खरे होता, हे मी इथे लेखी देते आणि पुनमने ते सर्व नातेवाइकांना वाचून दाखवावे. बँकेतली माझी सर्व शिल्लक तुम्हाला, कारण ती तुम्ही कधी मागितली नाही. आईचा तांब्याचा हंडा तुम्हाला, कारण तो मी न विचारता आणला होता. खोली नाही. माफीच्या दोन ओळी नाहीत. रविवारी या, तुमच्यासाठी जागा ठेवली आहे. अर्धा वेळ मागे बसावे लागेल.

कलम ५. रोजनिशा. कपाटात आहेत. पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाची नोंद आहे, दुसरे काही सापडणार नाही. वाचायच्या असतील त्यांनी वाचाव्यात, पण त्यातली मते सोयीने निवडून छापू नयेत. जिथे मी मत बदलले तिथे जुने मत खोडलेले नाही. दोन्ही वाचावीत.

कलम ६. वेताची खुर्ची. ही मी बेबाबाईंच्या नावे करणार होते. पण ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नये, असे वकिलांनी सांगितले. बेबाबाईंना विचारले, खुर्ची की साक्ष? त्या गेल्या वर्षी नातीकडून सही शिकल्या आहेत. म्हणाल्या, "खुर्ची ठेव तुले. माले सही करनी शे." खुर्ची पुनमकडे राहील, बेबाबाई तिच्यावर बसतील.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी पुनमने करावी. मी शस्त्रक्रियेतून बरी होऊन आले तर हा कागद कपाटात राहील आणि पुढच्या रविवारी काय लावायचे यावरून आम्ही भांडू. नाही आले तरी पुढच्या रविवारी सिनेमा चुकवू नये. सुतक पाळायचे असेल तर विनोदी लावू नका, एवढेच.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. खालची सही मी दोन्ही साक्षीदारांसमोर, नेहमीप्रमाणे डाव्या हाताने केली आहे.

स्थळ: जळगाव, घराची पुढची खोली
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार, सिनेमा सुरू होण्यापूर्वी

(सही) दिपमाला काशिनाथ बडगुजर

साक्षीदार १: ज्ञानेश्वर रामदास महाजन, सहकारी, जिल्हा परिषद, जळगाव. लिहून देणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर शांतपणे सही केली.

साक्षीदार २: बेबाबाई उत्तम सोनवणे, शेजारी. यांनी सही स्वतः केली आणि खालचे वाक्य ज्ञानेश्वर यांना सांगून जसेच्या तसे लिहून घेतले:

"मी समोर बशीसन देखं. डावरीच शे."