माझ्या नावाचा दगड

६ जानेवारी १४८५. लागुश.
ठरलं. मी आफ्रिकेला जाणार. माझा मेहुणा रुई ईस्टर झाल्यावर गलबत घेऊन निघतोय, गिनीच्याही खाली, जिथे आपलं अजून कुणी पोचलेलं नाही. आमचे आजोबा आफ्रिकेतल्या सेउताच्या लढाईत होते. (स्वयंपाकी होते, पण लढाईतच.) त्यांच्या नातवाने घरात बसून बदाम फोडायचे? चर्चमध्ये वेदीजवळची आमची जागा हल्ली साखरेच्या व्यापाऱ्याच्या पोराने बळकावली आहे. घराण्याचं नाव वर आणायचं तर आता घोडा आणि तलवार उपयोगाची नाही म्हणतात, तोफा आल्यात. तोफा ही फॅशन आहे, जाईल. तोवर समुद्र.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
चर्चबाहेर सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. बायको, म्हणजे मेसिया, घरी आल्यावर म्हणाली, अहो, खाडी ओलांडताना होडीत माझा हात कोण धरून बसलं होतं? जुनी गोष्ट आहे.

१९ जानेवारी.
नव्या मुलखात क्रूस असलेला दगडी खांब उभा करायचा, अशी आता रीत आहे. मेस्त्री व्हिसेंतला सांगितला. वर राजेसाहेबांचं नाव, खाली ‘हा मुलूख लोपो फाल्कांव यांनी शोधला’. मुलखाच्या नावाची जागा कोरी. मेस्त्री म्हणाला, मालक, आधी जाऊन तर या. असल्या माणसांमुळेच देश मागे राहतो.

८ फेब्रुवारी.
दगड आला. माझं नाव इतकं झोकात कोरलंय की राजेसाहेबांना कडेला सरकावं लागलं. मोलकरीण त्यावर सार्डिन साफ करत होती. ओरडलो. मग अंजीर वाळत घालायची परवानगी दिली, क्रूस सोडून.

२ मार्च.
प्रॅक्टिस म्हणून रुईच्या गलबतावर जाऊन बसलो. उलटी झाली. सार्डिन शिळे असणार. रुई म्हणाला, दाजी, अजून आपण धक्क्याला बांधलेले आहोत.

११ मार्च.
जहाजावरचं बिस्किट खायची सवय करतोय. दाढ तुटली. बरं झालं, समुद्रावर दुखली असती.

२० मार्च.
किनाऱ्यावर गिनीहून धरून आणलेली माणसं उतरवत होते, विकायला. एक बाई मुलाला सोडेना, फार रडत होती. मी तोंड फिरवलं. समुद्राचा वारा डोळ्यांना झोंबतो. मेसिया म्हणाली, हेच शोधायला चाललात का? बायकांना भूगोल कळत नाही.

११ एप्रिल.
उद्या निघायचं. माझी पेटी आणि दगड गलबतात चढले. दगड अगदी तळाशी, म्हणजे गलबत डोलणार नाही. लोकांनी माझं नाव मोठ्याने वाचलं. भरून आलं. गुडघा जरासा दुखतोय.

१२ एप्रिल.
पापनिवेदन केल्याशिवाय गलबतावर पाय ठेवायचा नसतो. म्हणून सकाळीच पाद्री मार्तिन्युंकडे गेलो. लहानपणापासून सुरुवात केली. शेजाऱ्यांची डाळिंबं वगैरे. पाद्रींनी दोनदा क्षमा देऊन टाकली, पण मला आणखी आठवत गेलं. बाहेर रुईचा माणूस हाका मारत होता. मग तुतारी वाजली. मी तेव्हा नेमका मत्सराशी पोचलो होतो, अर्धवट कसं सोडणार? पाद्री म्हणाले, लेकरा, देवाने केव्हाच माफ केलंय, आता ऊठ. बाहेर येऊन पाहतो तर शीड पार लांब गेलेलं. धर्मनिष्ठेपायी गलबत चुकलं.
मेसिया घराच्या मागच्या दाराशीच भेटली. गावाने माझ्यासाठी रुमाल हलवले, सगळ्यांना वाटतंय मी गलबताच्या पोटात आहे. म्हणाली, तुम्ही आता तोंड दाखवलंत तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, चला माळ्यावर. चढलो. तात्पुरतं आहे. पाद्रींना ठाऊक आहे, पण पापनिवेदनातलं बाहेर बोलायचं नाही, असा नियम आहे. नियम चांगले असतात.

३० जून. माळा.
उकाडा. कांदे, अंजीर आणि मी. वेळ वाया घालवायचा नाही म्हणून प्रवासवर्णन लिहायला घेतलंय. वादळाचं प्रकरण उत्तम उतरलं. लिहिताना मळमळलं.

४ ऑक्टोबर.
योजना पक्की. रुईचं गलबत लांब दिसलं की गुपचूप होडीने गाठायचं आणि सगळ्यांबरोबर धक्क्यावर उतरायचं. एकदम सोपं. फक्त होडीत बसावं लागेल.

२२ जानेवारी १४८६.
गलबत आलं. माझ्या पायात बूट चढेना, पाय सुजलेत. तोवर धक्क्यावर लोकांनी रुईला विचारलंसुद्धा, लोपो कुठे? मेसियाने भावाकडे नुसतं पाहिलं. त्याने टोपी काढून छातीशी धरली. म्हणजे मी मेलो.

२३ जानेवारी.
रुई माळ्यावर येऊन गेला. दगड एका मोठ्या नदीच्या मुखाशी उभा केलाय. तिथे आधीच गाव होतं, होड्या होत्या, भरलेला बाजार होता. शोधायला काही शिल्लकच नव्हतं दाजी, म्हणाला. गावकऱ्यांनी दुभाष्याला विचारलं, हे काय आणलंत? दुभाष्या गिनीचा, लहानपणी लागुशला विकलेला. क्रूस आणि खाली नाव, असले दगड त्याने इथे स्मशानातच पाहिलेले. त्याने सांगितलं, थडगं आहे. मग गावातली एक म्हातारी दगडापाशी बसून रडली. कुणाचा तरी मुलगा, म्हणाली, घरापासून इतक्या लांब येऊन मेला. रोज तिथे मासे ठेवायची, रुई निघेपर्यंत.
मला वाईट वाटलं. खरोखरच वाटलं. गेल्या मार्चमधली ती किनाऱ्यावरची बाई आठवली. मग दुसरं काहीतरी आठवायला घेतलं.

३० जानेवारी.
माझ्यासाठी मोठी प्रार्थना झाली. झरोक्यातून थोडंफार दिसलं. साखरवाल्याचं पोर पुढेच. पाद्री म्हणाले म्हणे, या माणसाने आपली पापं सांगायचा कधी कंटाळा केला नाही, आणि मग त्यांना बराच वेळ खोकला आला. एकंदरीत नाव झालं. वेदीजवळच्या भिंतीवर माझी पाटी लागणार आहे.
मेसिया काळ्या कपड्यांत घरी आली. बरी दिसते काळ्यात. विचारलं, रडलीस का? म्हणाली, प्रयत्न केला.

१४ फेब्रुवारी.
रुई पुन्हा निघतोय, त्याच नदीकडे. मेसियाचं म्हणणं, मीही जावं. इथे तुम्हाला माळ्यावरून उतरता येत नाही, म्हणाली, तिथे तुमचं नाव आहे आणि तुमच्यासाठी रडलेलं एक माणूस आहे. मी म्हटलं, जाईन की, मी कधी नाही म्हटलंय? समुद्राला मी भीत नाही. फक्त निघायच्या आधी पाद्रींकडे जाऊन येतो, बरंच सांगायचं राहिलंय.
ती माझं बोचकं बांधत होती. मान वर न करता म्हणाली, मेलेल्यांना पापनिवेदन नसतं.