मुर्गाबीची जागा

२० नोव्हेंबर १९९८, शुक्रवार

मुर्गाबी पाहिजे म्हणे! कोंबडी न्हाई, बकरा न्हाई — पाण्यावरची मुर्गाबी, रानबदक, जाळ्यातली, घरच्या हातची! जसं काही मी दुकानात रजया न्हाई, मुर्गाब्याच भरते!

समोरच्या एसटीडीवर लातूरहून फोन आला. शहेबाजभाई, आमचे होणारे व्याही. "भाबी, रमजानच्या आत येतो. मुनीब-कहकशांची तारीख धरून टाकू. पण मुर्गाबीचं सालन खाल्ल्याबिगर तारीख तोंडातून निघणार न्हाई बरं का!" आणि खो-खो हसणं. त्यांचं एक वेळ ठीक आहे. हसून बोलतात, पोटात काही नसतं. पण मागून बायकोनं फोन ओढून घेतला. "चांदपाशाभाई तर पडून हायेत. तुम्हाला कुठलं जमतंय आता. बॉयलर कोंबडी करा, आम्ही चालवून घेऊ."

चालवून घेऊ!!

मी म्हणलं, "मुर्गाबीच खाऊ घालीन." आणि फोन आपटला. एसटीडीवाला म्हणतो, "चाची, फोन माझा हाय."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. उन्हाळ्यात लकवा मारला तेव्हापासून उजवी बाजू गेली, खाटेवर असतात. जीभ जड झाली पण टोमणे सुटले न्हाईत. म्हणाले, "तू जाळं लावणार? अगे दीवानी, रजईला टाका सरळ पडेना तुझा!"

बघा आता.

२१ नोव्हेंबर

ह्यांच्याकडून जागा काढायची म्हणजे सुकल्या विहिरीतून पाणी काढणं. वीस वर्षं थंडीत संध्याकाळी जाळं घेऊन जायचे, कुठं जातो ते कधी सांगितलं न्हाई. आज चहा पुढं धरला आणि मागं घेतला. तेव्हा बोलले. "पोचंपाड धरणाच्या फुगवट्यावर जा. जुन्या बाभळीपाशी. दिवसभर मुर्गाब्या मधल्या पाण्यात बसून राहतात. दिवस बुडाला की उठतात आणि काठच्या धानात चरायला जातात. त्या वाटेवर दोन बांबू रोव, मधी जाळं. बस."

बस म्हणे.

पाखरं धरायला बंदी आहे ते मला ठाऊक आहे. पूर्वी हे जाळं खांद्यावर टाकून बाजारातून जायचे, आता झाकून न्यावं लागतं. मी ते मिरचीच्या रिकाम्या पोत्यात घातलं. धर्माबादेत मिरचीच्या पोत्याकडं कोण बघतं! सायकलवर पोतं, सोबत कहकशां. बाभळीपाशी जाऊन जाळं झटकलं, तर मिरचीची भुकटी सगळी नाकाडोळ्यांत. मायलेकी शिंकून शिंकून बेजार! आमच्या शिंकांनी काठाकाठानं होती-नव्हती ती सगळी पाखरं उडाली.

आणि पाणी कुठं होतं? बाभूळ कोरड्यात उभी. पाणी अर्धा कोस मागं.

घरी सांगितलं तर म्हणतात, "पाणी तिथंच असतंय. तुम्हीच चुकला."

२२ नोव्हेंबर

जाळं धुतलं. हात अजून भगभगतात.

२४ नोव्हेंबर

ह्यांच्या जागांवर भरवसा न्हाई. आज दुकान कहकशांवर टाकून एकटी काठाकाठानं फिरले. चिखलात पावलं बघितली. मुर्गाबीच्या बोटांत पडदा असतो, चिखलावर पळसाच्या पानासारखा ठसा उठतो. वाळलेला ठसा कालचा, ओला आजचा. पिसं कुठं अडकलीत, शीट कुठं पडली, धानाची ताटं कुठं मोडलीत. कापूस बघून ओला-सुका ओळखणारी बाई मी, चिखल काय अवघड!

संध्याकाळी बांधावर बसले. आधी चकवे आले, जोडीजोडीनं, बोंबलत. ते नको, मांस वास मारतं. मग अंधुक झाल्यावर डोक्यावरून पंखांची शिट्टी गेली. एकदम चाळीस-पन्नास. मान मोडेस्तोवर बघत राहिले. नाल्याच्या तोंडाकडं गेल्या.

येताना उगीच शहेबाजभाईंची आठवण झाली. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं घर बसलं. म्हातारी आई आत राहिली. आमचे हे ट्रकभर रजया घेऊन तिकडं गेले आणि येताना त्या सगळ्यांना घेऊन आले. ती थंडी ते आमच्याकडंच होते. शहेबाजभाई जेवायचे न्हाईत, भिंतीला पाठ लावून बसायचे न्हाईत, दारात झोपायचे. एक दिवस ह्यांनी मुर्गाब्या आणल्या, मी सालन केलं. त्या दिवशी ते पोटभर जेवले. जेवता जेवता रडले आणि म्हणाले, "चांदपाशा, माझा मुनीब तुझ्या घरचा."

म्हणून मुर्गाबी मागतात. ते मला कळतं. पण चालवून घेऊ ते कळत न्हाई.

२६ नोव्हेंबर

नाल्याच्या तोंडाशी जाळं लावलं. एका बांबूला मी, एका बांबूला कहकशां, कमरेएवढ्या पाण्यात. पोरगी थंडीनं काकडत होती पण हू की चू न्हाई. दिवस बुडाला, अंधारलं आणि आल्या! धाडधाड जाळ्यात! मी ओरडले, "अगे पकड!"

पकडायला गेलो तर पाय मांडीपर्यंत रुतले. जाळ्याला खाली झोळ ठेवलेला असतो, पाखरू आदळलं की त्यात पडतं. पण खाली पाणी खोल, झोळ सगळा पाण्यात. आम्ही पाय उपसून पोचेस्तोवर सगळ्या बुडून मेल्या.

जीव असताना बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरली तर खायची. मेलेली हराम. डोळ्यांत पाणी आलं — रागानं.

ह्यांनी झोळीत बघितलं न बघितलं. "मेलेलं घरात आणू नको. पाखरं लई असली म्हणजे जागा झाली का? तुला पोचता आलं पाहिजे."

हे आधी सांगायला काय झालं होतं!

काठाला कोंडाबाईची गाळपेर आहे. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात ती हरभरा पेरते. तिला देऊन टाकल्या. त्यांना चालतं.

२७ नोव्हेंबर

कोंडाबाई सकाळीच दुकानात हजर. तोंडाला अजून तेलाची चकाकी. "भाबी, काय झाक लागल्या हो! अशाच बुडवत राव्हा!"

२९ नोव्हेंबर

आज नवीन जागा बघायला गेले. जागा सापडली न्हाई. दुसरंच सापडलं.

कोंडाबाई हरभऱ्यावर राखणीला होती. म्हणाली, "कुणासाठी एवढी मरायलीस?" सांगितलं, लातूरचे व्याही येणार. नाव सांगितलं तर म्हणते, "शहेबाजची खानावळ? आमचा आदिनाथ तिथंच जेवतो की!" आदिनाथ म्हणजे तिचा भाचा. क्लाससाठी लातूरला आहे. आजकाल ज्याला-त्याला लातूर. आणि शहेबाजभाईंचं नशीब उघडलं ते त्या पोरांवरच, खाली खानावळ, वर खोल्या.

"जेवण झकास हाय म्हणतो. थोरली सून पहाटं उठून चपात्या लाटती, रातीपस्तोर. शिकलेली हाय म्हणं, बीएस्सी का काय. पोरं ताट घेऊन येतात आन् तिला गणितं इच्यारतात. ती लाटता लाटता सांगती. सासू आली की गप. आता धाकटी सून येणार म्हणून सासूनं दुसरा तवा घेऊन ठेवलाय म्हणं."

दुसरा तवा.

मी म्हणलं, "हौ का." आणि उठले.

३० नोव्हेंबर

माझा हिशोब वेगळा होता. कहकशां बारावीला डॉक्टरीसाठी थोडक्यात हुकली. लातूरला एक वर्ष क्लास करून पुन्हा बसते म्हणत होती. हे पडले, मंगनी झालेली, कुठं पाठवू? मीच म्हणलं होतं, लग्न होऊन लातूरलाच चाललीस, तिथं शिक की. सासर पण, क्लास पण. मला वाटलं केवढी अक्कल चालवली.

रजईला टाके घालताना तिला विचारलं, "तुला तव्याचं ठाऊक होतं?"

मान खाली. "हौ."

"मग तोंडात काय गुळणी धरलीस?"

"अब्बांनी जबान दिलीय, अम्मी. आणि मुनीब वाईट न्हाई. त्यानंच पुस्तकं पाठवली. पण घरात त्याचं कोण ऐकतंय?"

"तुला काय पाहिजे?"

सुई रजईत खोवली आणि म्हणाली, "एक वर्ष."

एवढंच. पोरीनं सायकल मागितली तेव्हा पण एवढंच बोलली होती.

१ डिसेंबर

ह्यांना सांगितलं न्हाई. जबान दिलेला माणूस, वर आजारी.

मुर्गाबी तर धरणारच. ते आता माझं आणि मुर्गाबीचं आहे.

३ डिसेंबर

पौर्णिमा. पिठासारखं चांदणं. दिवसासारखं दिसतंय म्हणल्यावर पाखराला घाई कशाची! कुणीच उठलं न्हाई. कुडकुडून परत.

५ डिसेंबर

वारा फिरला. वाऱ्याला तोंड करून उतरतात हे आज डोळ्यांनी बघितलं. म्हणजे जाळं आडवं धरायचं ते वारा बघून. हे मला ह्यांनी न्हाई सांगितलं, माझं मी बघितलं. येऊन सांगितलं तर म्हणाले, "हं." त्यांच्या तोंडून हं म्हणजे लई झालं.

७ डिसेंबर

सापडली!

कोंडाबाईच्या हरभऱ्यापुढं पाण्यात चालत निघाले, काठीनं तळ ठोकत. गाळ, गाळ, गाळ — आणि एकदम ठक्क! पाय टाकला. घट्ट. पुढं टाकला. घट्ट. घोट्याएवढं पाणी आणि खाली खडी. कोंडाबाई काठावरून ओरडली, "अगं भाबी, तो जुना रस्ता! बुडालेल्या गावाकडं जायचा! माझं माहेर त्याच गावचं! लग्नाची बैलगाडी त्याच रस्त्यानं आली माझी!"

त्या रस्त्यावर उभी राहिले. दोन्ही बाजूंनी खोल पाणी, मुर्गाब्या तिथं बसलेल्या. ह्या पाण्यातून त्या धानाकडं जाताना रस्ता ओलांडायचाच, आणि तोही खालून उडत. ओले ठसे, पिसं, सगळं आहे. झोळ पाण्याच्या वर राहील. आणि मला उभं राहता येतं. धावता येतं!

एवढे दिवस मी पाखरं कुठं उतरतात ते बघत होते.

८ डिसेंबर, मंगळवार

जाळं लावलं. वारा समोरून. आकाश मावळतीला भट्टीसारखं, मग राखेसारखं. कहकशां त्या टोकाला, मी ह्या. अंगाला मिरचीचा वास अजून. शिंक आली ती दाबली, कान फुटतात की काय असं झालं.

आल्या. जाळं हललं. धावलो दोघी, खडीवरून खडखड. एकेक झोळातून काढली. सहा. सगळ्या जित्या! काळीज माझ्या हातात धडधडत होतं, त्यांचं का माझं कळेना.

कहकशांनी सुरी पुढं केली. "अम्मी, इथंच जबह कर. घरी जाईस्तोवर मरतील."

सुरी घेतली. मग परत दिली.

"झोळीचं तोंड सैल बांध," म्हणलं. "हवा लागू दे."

९ डिसेंबर

सहाच्या सहा परसात डालग्याखाली. धान टाकलं, घमेल्यात पाणी ठेवलं. रात्रभर कुजबुज. शेजारची म्हणते, "काय आवाज?" म्हणलं, कोंबड्या. म्हणते, "कोंबड्या शिट्ट्या मारतात का?"

वनखात्याचं कुणी आलं तर काय सांगावं?

११ डिसेंबर, शुक्रवार

नमाजीनंतर ह्यांनी हाक मारली. "डालग्याखाली ठेवून काय पोसायलीस? पावणे परवा येणार. जबह करून मसाला लाव."

आज सगळं सांगितलं. तवा, थोरली सून, एक वर्ष. मला वाटलं ओरडतील. डाव्या हातानं दाढी कुरवाळत बसले. बोबड्या जिभेनं म्हणाले, "जबान मी दिली. मोडू नको."

"मोडत न्हाई," मी म्हणलं. "पण जबान पोरीची दिली होती. चपात्यांची न्हाई."

मी उठले तेव्हा म्हणाले, "डालगं उन्हातून सावलीला घे. पाण्याचं पाखरू आहे ते."

१२ डिसेंबर

बकऱ्याचं मटण आणलं. बगारा खान्याचे तांदूळ निवडले. सुरीला धार लावून फळीवर ठेवली.

१३ डिसेंबर, रविवार

आले. जेवले. मटण चाटून-पुसून खाल्लं. त्यांची बायको, आमची समधन, म्हणाली, "शेवटी बकराच ना!" शहेबाजभाई पातेल्यात डोकावून, "भाबी, मुर्गाबी?"

परसात नेलं. डालग्याच्या फटीतून दाखवल्या. लहान पोरासारखे उकिडवे बसून बघत राहिले. त्या थंडीतलं मी काही बोलले न्हाई. ते बोलायचं नसतं. एवढंच बोलले:

"भाईजान, कहकशां जूनमध्ये लातूरला येईल. सून म्हणून न्हाई, क्लासला. मुलींच्या खोलीवर राहील, तुमच्या तव्यापाशी न्हाई. परीक्षा झाली की निकाह, आणि त्यानंतर पण ती शिकेल. कबूल असेल तर सुरी फिरवते, सालन घेऊन मी स्वतः लातूरला येते. कबूल नसेल तर अंगठी तुमची, आणि ह्या सहा परत पाण्यावर. येत्या जुम्म्याला, अठरा तारखेला, नमाज सुटायच्या आत समोरच्या एसटीडीवर फोन करा. मी तिथं उभी असेन. हौ का न्हाई — तेवढंच बोला."